थडग्यातली वस्तू बाजारात नको

कैरोच्या इजिप्शियन म्युझियमच्या संग्रहात चुनखडीची एक छोटी शवपेटी आहे. ती एका मांजरीची. पेटीवर कोरलेली मांजरी ताठ बसली आहे, समोर नैवेद्याचं मेज आहे, मेजावर खाण्याचे पदार्थ रचले आहेत. दोन टोकांना इसिस आणि नेफ्थिस या देवी गुडघे टेकून बसल्या आहेत, राजाच्या शवपेटीवर बसतात तशाच. कोरीव मजकुरात या मांजरीला ‘ओसायरिस’, म्हणजे मृतांच्या देवाच्या नावानं, म्हटलं आहे. मृत माणसाच्या नावाआधी जो मान लावत, तोच तिला दिला आहे. आकाशात कधीही न मावळणाऱ्या ताऱ्यांमध्ये आपल्याला जागा मिळावी, असं मागणं तिच्या तोंडी घातलं आहे. आणि ही पेटी कुणी करवून घेतली तेही लिहिलं आहे: राजाचा थोरला मुलगा, उत्तर आणि दक्षिण इजिप्तच्या पुरोहितांचा प्रमुख, मेम्फिस शहरातल्या प्ताह देवाच्या मंदिराचा महापुरोहित, थुतमोस.

हा थुतमोस म्हणजे आमेनहोतेप तिसरा आणि राणी तिये यांचा मुलगा. काळ इसवीसनपूर्व चौदाव्या शतकाचा. बापाच्या पश्चात गादी त्याचीच होती, पण तो बापाआधी गेला. गादी धाकट्या भावाकडे आली आणि त्या भावानं पुढे आखेनातेन हे नाव घेऊन जुन्या देवांची देवळं बंद पाडली, नवी राजधानी वसवली, एकट्या सूर्यबिंबाची पूजा सुरू केली. आखेनातेनवर कपाटं भरतील इतकी पुस्तकं आहेत. थोरल्याबद्दल जे कळतं ते एका टेबलावर मावेल, आणि त्यातलं जवळजवळ सगळं मृत्यूशी निगडित वस्तूंवरून कळतं. त्याचं स्वतःचं थडगं आजवर सापडलेलं नाही.

मला या राजपुत्राबद्दल जी ओढ आहे, ती त्याच्या अकाली मृत्यूमुळे नाही. त्याच्याकडे पाहिलं की एका सार्वजनिक प्रश्नाचं उत्तर स्वच्छ दिसतं. थडग्यातून निघालेल्या वस्तूंची खरेदी-विक्री चालू द्यावी का? माझं उत्तर आहे: नाही. कागदपत्रं जुनी असली तरी नाही, लिलाव कायदेशीर असला तरी नाही.

थुतमोस हे नाव इजिप्तमध्ये सर्रास ठेवलं जाई. त्या एका घराण्यात या नावाचे चार राजे झाले. मग मांजरीच्या पेटीवरचा थुतमोस नेमका कोण, हे ठरवायचं कसं? पेटीवर बापाचं नाव नाही. ठरवलं ते असं. पेटी मेम्फिसच्या परिसरात निघाली. मेम्फिसची दफनभूमी म्हणजे सक्कारा. सक्काऱ्यात प्ताह देवाचं रूप मानल्या गेलेल्या एपिस बैलांची दफनं आहेत, आणि त्यातलं सगळ्यात जुनं ज्ञात दफन आमेनहोतेप तिसऱ्याच्या काळातलं आहे. त्या दफनातल्या भांड्यांवर राजपुत्र थुतमोसचं नाव आणि प्ताहच्या पुरोहिताची पदवी आहे. बैल कुणाच्या कारकिर्दीत पुरला हे माहीत, पुरणारा पुरोहित कोण हे माहीत, आणि तीच पदवी मांजरीच्या पेटीवर. तीन टोकं जुळली आणि एक माणूस उभा राहिला.

आता यातून जागा काढून घ्या. भांडी ‘इजिप्तमधली’ एवढंच माहीत असतं, पेटी कुणा सरदाराच्या दिवाणखान्यातून लिलावात आली असती, तर आपल्या हाती काय उरलं असतं? सुबक कोरलेली एक मांजरी आणि एक नाव, जे शेकडो माणसांचं असू शकतं. दगड तोच, अक्षरं तीच, कारागिरी तीच. माणूस मात्र हरवला असता.

या राजपुत्राच्या आणखी दोन लहान मूर्ती आहेत. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या मूर्तीत तो गुडघ्यांवर बसून धान्य दळतो आहे. युवराज आणि जात्यावर! पण ती सेवा देवाची आहे. या थोर देवाचा मी सेवक, त्याचा दळणारा, असं मूर्तीवरच लिहिलं आहे. बर्लिनमधल्या मूर्तीत तो ममीच्या रूपात तिरडीवर पहुडला आहे. कैरो, पॅरिस, बर्लिन: एका मुलाच्या आयुष्याचे तुकडे तीन देशांत. त्याच्या नावाची आणखी एक वस्तू अगदी अनपेक्षित ठिकाणी निघाली, तुतनखामेनच्या थडग्यात. तिथे एक चाबूक सापडला, त्याच्यावर ‘राजपुत्र, सैन्याचा नायक थुतमोस’ असं कोरलं आहे. हा तोच थुतमोस, असं अनेक अभ्यासक मानतात. काहींना तो दुसरा वाटतो. वाद चालू आहे आणि चालू राहू शकतो, याचं कारण ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टर. 1922 साली ते थडगं सापडल्यावर ते रिकामं करायला त्यानं जवळजवळ दहा वर्षं घेतली. पाच हजारांहून अधिक वस्तू निघाल्या. प्रत्येकीला क्रमांक, प्रत्येकीचं टिपणपत्र, हलवण्याआधी हॅरी बर्टनचं छायाचित्र. ती टिपणं ऑक्सफर्डच्या ग्रिफिथ इन्स्टिट्यूटनं इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली केली आहेत. तो चाबूक कोणत्या दालनात, कशाशेजारी होता, हे आज नाशिकमध्ये बसलेला विद्यार्थीही पाहू शकतो आणि दोन्ही बाजूंचे दावे तपासू शकतो.

याच्या नेमकं उलट उदाहरण 1881 चं आहे आणि ते वाचताना आजही जीव तुटतो. लक्सरजवळच्या कुर्ना गावात अब्द अल-रसूल नावाचं कुटुंब राहत होतं. त्यांना दैर अल-बहारीच्या डोंगरकपारीत एक खोल विवर सापडलं. विवराच्या पोटात इजिप्तचे मोठमोठे राजे एकत्र ठेवलेले होते: दुसरा रामसेस, सेती पहिला, तिसरा थुतमोस, त्यांच्या राण्या, मुलं. मूळ थडगी चोरांनी फोडली तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीच्या पुरोहितांनी हे देह गोळा केले, पुन्हा गुंडाळले, कापडावर आणि पेट्यांवर शाईनं नोंदी केल्या की हा अमुक राजा, अमुक वर्षी अमुक ठिकाणाहून हलवला. म्हणजे नोंद ठेवण्याची गरज त्या पुरोहितांनाही कळली होती. अब्द अल-रसूल बंधू मात्र काही वर्षं त्यातल्या पोथ्या, मूर्ती एकेक करून लक्सरच्या बाजारात विकत राहिले. मालावरची राजघराण्याची नावं पाहून इजिप्तच्या पुरातत्त्व खात्याचा प्रमुख गास्तों मास्पेरो याला संशय आला, चौकशी झाली, मारहाण झाली, शेवटी घरातल्याच एकानं जागा दाखवली. मग सरकारी अधिकारी एमिल ब्रुग्शनं दोन-तीन दिवसांत सगळं विवर उपसलं. पुन्हा लुटालूट होईल अशी धास्ती होती, ती खोटी नव्हती. पण आतलं एकही छायाचित्र घेतलं नाही, कोणती पेटी कुठे होती याचा आराखडा काढला नाही. राजे वाचले. कोण कुणाशेजारी होता, कुणाची पेटी आधी आत गेली, हे कळण्याचा मार्ग कायमचा बुजला.

ब्रुग्शला दोष देणं सोपं आहे. पण त्याला घाई का करावी लागली? कारण बाहेर गिऱ्हाईक उभं होतं. हिवाळ्यात नाईलवर बोटीनं येणारे श्रीमंत प्रवासी, युरोपातल्या संग्रहालयांचे दलाल, हौशी संग्राहक. पोथीला भाव होता म्हणून विवर फोडलं गेलं, आणि विवर फोडलं गेलं म्हणून ते घाईनं उपसावं लागलं. बाजारानं केलेलं नुकसान विकल्या गेलेल्या वस्तूंपुरतं थांबत नाही, न विकलेल्या वस्तूंनाही ते भोवतं.

1898 साली राजांच्या खोऱ्यात फ्रेंच पुरातत्त्वज्ञ व्हिक्टर लोरेनं दुसऱ्या आमेनहोतेपचं थडगं उघडलं. तिथेही पुरोहितांनी इतर देह आणून ठेवले होते. बाजूच्या एका खोलीत तीन ममी शेजारी शेजारी होत्या: एक प्रौढ स्त्री, एक तरुण स्त्री, आणि मध्ये दहा-अकरा वर्षांचा मुलगा. एरवी डोकं भादरलेलं, फक्त एका बाजूला केसांची बट राखलेली, लहान राजपुत्र ठेवत तशी. प्रौढ स्त्री म्हणजे राणी तिये, हे 2010 साली डीएनए तपासणीनं पुढे आलं. मग आईशेजारचा हा मुलगा आपला थुतमोस तर नव्हे? काहींचं तसं मत आहे. पण त्याच थडग्यात वेबेनसेनू नावाच्या दुसऱ्या एका राजपुत्राच्या, दुसऱ्या आमेनहोतेपच्या मुलाच्या, आतडी-यकृत ठेवायच्या बरण्या आणि शब्ती मूर्ती, म्हणजे परलोकात मृताची कामं करायला ठेवलेल्या सेवकांच्या छोट्या बाहुल्या, निघाल्या. वेबेनसेनूही असाच, दफनाच्या वस्तूंपलीकडे फारसा कुठे न भेटणारा. त्यामुळे तो मुलगा वेबेनसेनू असण्याचीही तितकीच शक्यता आहे.

या बरण्या तिथे सापडल्या नसत्या, किंवा सापडून गुपचूप विकल्या गेल्या असत्या, तर सगळ्यांनी त्या मुलाला डोळे झाकून थुतमोस म्हटलं असतं. काही साध्या बरण्यांनी एका चुकीच्या निष्कर्षाचा रस्ता अडवला. लिलावाच्या यादीत अशा बरणीची किंमत तिच्या झाकणावरचा चेहरा किती देखणा, यावर ठरते.

संग्राहकांचा नेहमीचा युक्तिवाद असा की शब्तीसारख्या वस्तू एका साच्याच्या, ढिगानं सापडणाऱ्या. उत्तरकाळातल्या एका थडग्यात वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक सेवक म्हणून 365 आणि त्यांच्यावर देखरेखीला 36 मुकादम, अशा 401 मूर्ती ठेवायची रीत होती. त्यातल्या दहा कुणी घरी नेल्या तर काय बिघडलं? इजिप्तचं सरकारही बराच काळ याच विचारानं चाललं. कैरोच्या संग्रहालयातच एक विक्रीची खोली होती, तिथून जास्तीच्या म्हणून ठरवलेल्या वस्तू अधिकृत पावतीवर विकल्या जात. 1983 सालच्या 117 क्रमांकाच्या कायद्यानं इजिप्तनं हा सगळा व्यापार बंद केला. पण तोवर गेलेल्या वस्तूंच्या पावत्या जगभर फिरत आहेत, आणि त्यांच्या आडून नंतर चोरलेल्या वस्तूही.

आपल्याकडचं उदाहरण याच 1898 सालचं आहे. उत्तर प्रदेशातल्या पिपरहवा इथला स्तूप विल्यम पेपे या इंग्रज जमीनदारानं उकरला. आत बुद्धाचे मानले जाणारे अस्थिअवशेष होते आणि त्यांच्यासोबत ठेवलेली शेकडो रत्नं, सोन्याची फुलं. अस्थी सियामच्या राजाकडे गेल्या, बहुतेक रत्नं कलकत्त्याच्या संग्रहालयात, आणि काही ‘जास्तीची’ म्हणून पेपेकडेच राहू दिली. तीच रत्नं मे 2025 मध्ये हाँगकाँगला सोदबीजच्या लिलावात निघाली. भारत सरकारनं कायदेशीर नोटीस दिली, बौद्ध संघटनांनी आवाज उठवला, लिलाव थांबला. जुलैअखेर ती भारतात परतली, पण मुंबईच्या गोदरेज उद्योगसमूहानं विकत घेतली म्हणून. ती परत आली याचा मला मनापासून आनंद आहे. तरीही या वाटेचा धडा धोक्याचा आहे. अस्थींसोबत श्रद्धेनं पुरलेल्या दानाची किंमत ठरते, ती किंमत मोजणारा मिळतो, आणि विकणाऱ्याच्या हाती पैसे पडतात, हे जगातल्या प्रत्येक वारसदारानं आणि दलालानं पाहिलं.

महाराष्ट्रात गेली दोन वर्षं या विषयाला उधाण आहे. वाघनखं लंडनहून ठराविक मुदतीसाठी आली, रघुजी भोसल्यांची तलवार राज्य सरकारनं लिलावात घेतली. लोकांनी रांगा लावल्या, ते योग्यच होतं. पण वस्तू कुणाच्या मालकीची, या एका प्रश्नावर सगळी चर्चा अडकते. ती कुठून, कशी, कुणाच्या हातून निघाली, हा प्रश्न मागेच राहतो. जमीन घेताना आपण सातबारा आणि सगळे फेरफार पाहिल्याशिवाय इसार देत नाही. तीन हजार वर्षांच्या वस्तूला मात्र ‘एका जुन्या युरोपीय संग्रहातून’ एवढी ओळ पुरते.

ती ओळ किती पोकळ असते ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं अनुभवलं. 2017 साली त्यांनी नेजेमांख नावाच्या पुरोहिताची सोनेरी शवपेटी सुमारे 40 लाख डॉलरना घेतली. सोबत 1971 सालचा निर्यात परवाना होता. परवाना बनावट निघाला. पेटी 2011 च्या उठावाच्या धामधुमीत लुटलेली होती. 2019 मध्ये ती इजिप्तला परत करावी लागली. जगातल्या सगळ्यात जाणकार संग्रहालयांपैकी एकाला बनावट कागद ओळखता आला नाही, तर ‘कागदपत्रं असलेला माल विकू द्या’ या तडजोडीला अर्थ काय उरतो? इजिप्तच्या जुन्या दफनभूमींची उपग्रह छायाचित्रं पाहावीत. 2011 नंतर लुटारूंनी खणलेल्या खड्ड्यांनी कित्येक जागांची चाळण झालेली त्यांत दिसते.

समोरच्या बाजूचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. सरकारी कस्टडीत वस्तू सुरक्षित असते का? सप्टेंबर 2025 मध्ये कैरोच्याच संग्रहालयाच्या दुरुस्तीशाळेतून आमेनेमोपे राजाचं सोन्याचं कडं चोरीला गेलं. चोर बाहेरचा नव्हता, तिथेच काम करणारी एक व्यक्ती होती. कडं सोनाराकडून सोनाराकडे गेलं आणि वितळवलं गेलं. तीन हजार वर्षं टिकलेली गोष्ट काही दिवसांत संपली. श्रीमंत संग्राहकाच्या तिजोरीत ते टिकलं असतं, असं कुणी म्हणालं तर मला ते खोडता येणार नाही. पण सार्वजनिक संस्थाही दगा देतात, हे ब्रिटननंही दाखवलं आहे. नॉर्थॅम्प्टनच्या नगरपालिकेनं 2014 साली आपल्या संग्रहालयातली सेखेमका या लेखनिकाची मूर्ती लिलावात काढली आणि ती 1 कोटी 57 लाख पौंडांहून अधिक किमतीला गेली. साडेचार हजार वर्षांची मूर्ती, मृताला अन्न पोचावं म्हणून घडवलेली, सार्वजनिक दालनातून निघून खासगी मालकाकडे गेली. आर्ट्स कौन्सिलनं संग्रहालयाची मान्यता काढून घेतली, मूर्ती मात्र परत आली नाही.

या दोन घटनांमधला फरक मला महत्त्वाचा वाटतो. कड्याची चोरी हा गुन्हा ठरला, लोक पकडले गेले, साऱ्या देशाला चटका बसला. मूर्तीची विक्री हा व्यवहार ठरला. पहिल्या प्रकाराला कुलूप, कॅमेरा, मोजणी आणि शिक्षा यांनी आळा घालता येतो, घातलाच पाहिजे. दुसऱ्याला आळा घालायचा तर बाजारच बंद करावा लागतो. शिवाय ते कडं ज्या थडग्यातलं होतं ते उत्खननात निघालेलं, त्याचं वर्णन, छायाचित्रं सगळं शिल्लक आहे. सोनं गेलं, पुरावा पूर्ण गेला नाही.

मग करायचं काय? ज्यांच्या घरात आज अशा वस्तू आहेत त्यांच्याकडून त्या ओढून घ्याव्यात असं मी म्हणत नाही. वारसांकडे जाऊ द्या, संग्रहालयाला दान देऊ द्या, दानासाठी करात भरघोस सूट द्या. मात्र पैशानं हस्तांतर बंद. कोणत्याही देशाच्या, कोणत्याही धर्माच्या दफनातून निघालेल्या वस्तूला लिलावघरात जागा नको. लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क, हाँगकाँग या चार शहरांनी तेवढा कायदा केला तरी मोठ्या व्यापाराची कंबर मोडेल. लूव्रमधला दळणारा राजपुत्र कैरोला परत जावा का, हा वाद मी गौण मानत नाही. लबाडीनं नेलेलं परत गेलंच पाहिजे. पण मालकीचे खटले चालायला पिढ्या लागतात. पॅरिस, बर्लिन आणि कैरोनं आपापल्या नोंदी, मिळकतीच्या इतिहासासह, एका जागी खुल्या करायला कोणत्याही करारासाठी थांबायची गरज नाही.

आपल्याकडेही हे लागू आहे. कोलकाता, जयपूर, हैदराबाद, बडोदा इथल्या संग्रहालयांत इजिप्शियन ममी आहेत. बडोद्याची तर सयाजीराव गायकवाडांच्या काळात आलेली. त्या त्या काचेजवळ ठळक अक्षरांत लिहावं: हा देह कुठल्या गावच्या दफनभूमीतून, कुणाकडून, कोणत्या साली, किती पैशांना आला. जे माहीत नसेल तिथे ‘नोंद नाही’ असं लिहावं. पिपरहव्याच्या वेळी आपण जगाला जो प्रश्न विचारला, तो आपल्या दालनातही लागू करावा. आणि पुढच्या वेळी भारतीय अवशेष परदेशी लिलावात निघतील तेव्हा पहिलं पाऊल खरेदीदार शोधण्याचं नसावं.

सक्काऱ्यात उत्खनन चालू आहे. थुतमोसच्या काळातले मोठे अधिकारी तिथल्याच कड्यात पुरले गेले. वजीर आपेर-एल याचं थडगं फ्रेंच पुरातत्त्वज्ञ आलां झिवी यांच्या पथकानं तिथेच उघडलं. मेम्फिसच्या महापुरोहिताचं, या राजपुत्राचं थडगंही तिथेच कुठे असण्याची शक्यता मोठी आहे. ते पुरातत्त्वज्ञांच्या आधी चोरांना सापडलं, तर पहिली बातमी लिलावाच्या यादीतून येईल: थुतमोस नावाची एक शब्ती, उत्तम स्थितीत, जुन्या संग्रहातून. आज अशी वस्तू विकायला ही एक ओळ पुरेशी धरली जाते, आणि कायद्यात सगळ्यात आधी बदलायची गोष्ट हीच आहे.